तापसुबेई ही घोडी नव्हे

प्रति,
मा. अभिलेख व वारसास्थळ अधिकारी,
उपजिल्हा कार्यालय, कापतेलोन
(जुन्या दूध संकलन केंद्राची इमारत),
उआसिन गिशू पठार.

अर्जदार: प्रिसिला जेलागात, निवृत्त प्रसूती परिचारिका, राहणार सिमोत्वेत, कापतेलोन.

विषय: आपल्या कार्यालयातील काचपेटीच्या फलकावर घोडी क्रमांक सतरा म्हणून दाखविलेल्या तापसुबेई या घोडी नसून अर्जदाराच्या आजी असल्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. ४ जून २०१३ चा अर्ज व त्यानंतरची सहा स्मरणपत्रे (स्मरणपत्रे सर्व अनुत्तरित, एक चहाच्या डागासह परत).
२) आपले दि. २३ सप्टेंबर २०२४ चे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार अत्यंत आदरपूर्वक निवेदन करते की, आपल्या कार्यालयाचे काम वाढविण्याची तिची इच्छा नाही. गेली अकरा वर्षे ती आपल्या दारात येते आहे आणि या काळात चार अधिकारी बदलून गेले, तेव्हा आपणही जाण्यापूर्वी प्रकरण एकदा सलग आपल्या नजरेखालून जावे, एवढ्यासाठी हा अर्ज.

१. अर्जदाराची आई तापकिगेन ही त्र्याऐंशी वर्षांची असून काठी घेऊन चालते व स्वतःच्या दोन गाई स्वतः पिळते. सगळे गाव तिला कोगो, म्हणजे आजी म्हणते. तिचा जन्म वेल्टरूस नावाच्या मळ्यावर झाला. मळ्याचे गोरे मालक याकोबस ड्रेयर हे १९०८ साली बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर खंडाच्या दक्षिण टोकाहून या पठारावर आले. आल्यावर त्यांना ही जमीन रिकामी आढळली, असे आपल्या कार्यालयाच्या माहितीपत्रकात छापले आहे. त्या रिकाम्या जमिनीवर तेव्हा अर्जदाराचे खापरपणजोबा गुरे चारीत होते, परंतु ते माहितीपत्रक काढणाऱ्यांच्या नजरेतून सुटले असावेत. पुढे त्यांच्याच घरातली माणसे त्याच जमिनीवर मजूर म्हणून राहिली. त्यांतली तापसुबेई ही मुलगी मळ्याच्या दूधघरात कामाला होती. १९४१ च्या जुलैत तिला एक मुलगी झाली. मुलीचे डोळे राखाडी होते. आमच्या माणसांत राखाडी डोळे कोणाचे नसतात, आणि त्या मळ्यावर ते एकाच माणसाचे होते.

तापसुबेईला कोणी काही विचारले होते काय, याची नोंद कोठेही नाही. असा रकाना तेव्हाही नव्हता.

२. आईने सत्तर वर्षे याविषयी अवाक्षर काढले नाही. ओळखपत्राच्या कागदावर बापाच्या नावापुढे रेघ होती, ती तिने चालवून घेतली. लहानपणी पोरे तिला 'चोतारा' म्हणून चिडवीत, म्हणजे भेसळीची. लग्नानंतर तेच शब्द बाजारात बायका हळू आवाजात म्हणत. २०१२ साली अर्जदाराचे वडील वारले. पुढच्या वर्षी घरात पाणी शिरून आईचे ओळखपत्र भिजले व नवीन काढावे लागले. अर्जदार सवयीने रेघ ओढू लागली तेव्हा आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "आता लिही. ज्याला लाज वाटली असती तो गेला. ड्रेयर लिही."

त्यावरून पहिला अर्ज दाखल झाला. कार्यालयाने तत्परतेने कळविले की, पित्याने ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे. पिता १९५९ साली वारल्याचे निदर्शनास आणून दिले असता मृत्यूचा दाखला मागण्यात आला. तो दाखला आपल्याच कार्यालयाच्या मागल्या खोलीत आहे. तो फक्त नातेवाइकास मिळतो. नातेवाईक असल्याचे सिद्ध करण्यासाठी जन्मनोंदीत पित्याचे नाव लागते, आणि ते घालण्यासाठी तो दाखला लागतो. या व्यवस्थेत कोठेही फट नाही, याबद्दल ती रचणाऱ्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

३. येथे अर्जदारास एक कबुली देणे भाग आहे. तिने कापतेलोनच्या दवाखान्यात एकतीस वर्षे बाळंतपणे केली व चार हजारांवर जन्मनोंदी स्वतःच्या हाताने लिहिल्या. ज्या पोरी बापाचे नाव सांगत नसत, त्यांच्या रकान्यात तिने रेघ ओढली आणि पुढच्या खाटेकडे गेली. एका पोरीने दोनदा तोंड उघडून मिटले होते. तिसऱ्यांदा थांबायला अर्जदारास वेळ नव्हता. त्यामुळे रेघ किती झटकन ओढता येते हे ती आपल्या कर्मचाऱ्यांइतकेच चांगले जाणते, आणि या प्रकरणी तिचा आवाज फार चढत नाही त्याचे तेही एक कारण आहे.

४. चालू वर्षी जानेवारीत दक्षिणेतल्या पार्ल गावाहून ड्रेयर यांची पणती, आनेलीस ड्रेयर या बाई आपल्या घराण्याचा शोध घेत येथे आल्या. त्यांचे पत्र पोचल्यापासून नवव्या दिवशी कार्यालयाने सर्व दप्तरे काढून दिली, धूळ झाडून दिली, गाडी दिली, आणि जो मृत्यूचा दाखला अकरा वर्षे मागल्या खोलीतून हलला नव्हता तो पाकिटात घालून दोन्ही हातांनी दिला. अतिथीचे स्वागत आमच्याकडे असेच व्हावे, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण एवढीच आली की ड्रेयरांची थडगी कोणाला सापडेनात. काळ्या बाभळीचे रान माजले होते. तेव्हा आपले कारकून श्री. सिटिएनेई मोटार घेऊन अर्जदाराच्या अंगणात आले व आईला म्हणाले, "कोगो, तुम्हीच चला. त्या मळ्यावरचं जिवंत माणूस आता तुमच्याशिवाय कोणी नाही." आईने डोक्याला रुमाल बांधला आणि गेली. अर्जदारही सोबत होती.

आईने रानातून सरळ नेऊन सात थडगी दाखविली. कोण कोठे निजले आहे, कोणते पोर कोणत्या तापाने गेले, म्हातारी ड्रेयरीण वाळवलेले पाव चहात कसे बुडवीत असे, सगळे सांगितले. बाईंच्या भाषेत सांगितले. बाई थक्क झाल्या व त्यांनी विचारले की, आजी, तुम्ही आमची भाषा कोठे शिकलात?

"तुमच्या पणजोबांच्या दूधघरात," आई म्हणाली.

बाईंनी काळा चष्मा काढून आईकडे नीट पाहिले. मग त्यांचे टिपण थांबले. दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि दोघींचे डोळे एकाच रंगाचे होते. आपण स्वतः त्या वेळी चार पावलांवर थर्मासमधून चहा ओतीत होता, त्यामुळे आपल्या लक्षात आले नसावे. बाईंनी आईचे दोन्ही हात धरले, त्यांच्या भाषेत "माफ करा" म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या. आपल्या अहवालात याचे वर्णन 'उन्हामुळे पाहुण्यांना किंचित भोवळ; स्थानिक वृद्धेचे आभार मानले' असे आहे. आईचे नाव अहवालात नाही. तिला एक पाव व अर्धा किलो साखर देण्यात आली, त्याची पावती मात्र आहे.

दोन महिन्यांनी बाईंनी चौकटीत बसविलेला वंशवृक्ष कार्यालयास भेट पाठविला. तो आपल्या खुर्चीमागे टांगला आहे. त्यात सहा पिढ्या आहेत आणि एक फांदी अर्धवट सोडली आहे, तिच्या टोकाला काही लिहिलेले नाही. बाईंना ते धाडस झाले नाही, की छापणाऱ्याची चूक झाली, हे अर्जदार सांगू शकत नाही. पण ती फांदी तिने मोजून पाहिली आहे. ती याकोबस यांच्यापासूनच निघते.

५. मार्चमध्ये थडग्यांची जागा वारसास्थळ म्हणून जाहीर होऊन लोखंडी कुंपण पडले. थडगी सात, परंतु ठेकेदाराने कोपरा काटकोनात यावा म्हणून कुंपण पाच पावले पुढे घेतले. त्या पाच पावलांत आठवा ढिगारा आत गेला. तेथे तापसुबेई आहे. तिला ड्रेयरांच्या भिंतीबाहेर पुरले होते; साठ वर्षे आई तेथले तण उपटीत आली. आता फाटकावर पहारेकरी आहे. तिकीट काढा नाहीतर मृतांचे नातेवाईक असल्याचा पुरावा आणा, असे तो म्हणतो, आणि त्याचा दोष नाही, त्याला तसेच सांगितले आहे. आई तिकीट काढायला तयार नाही. ती म्हणते, आपल्या आईला भेटायला तिकीट काढलं तर उद्या आईच विचारेल, कोण तुम्ही.

पुराव्याबाबत अर्ज केला असता आपण कळविले की, दप्तरी सातच थडग्यांची नोंद असून आठवा ढिगारा 'नैसर्गिक दगडांचा' आहे. दगड आईच्या मामाने डोक्यावरून वाहून आणले होते. निसर्गाचे नाव किप्रुगुत होते, एवढीच दुरुस्ती.

६. ऑगस्टमध्ये त्याच कामासाठी अर्जदार आपल्या बाकावर बसली असता समोर नवी काचपेटी दिसली. आनेलीस बाईंच्या घरून आलेली, ड्रेयर यांच्या हातची जाड वही तीत उघडी ठेवली होती: वेल्टरूसच्या घोड्यांची वीण. तारीख, माता, नर, रंग, खुणा असे रकाने. एकतीस वर्षे जन्मनोंदी लिहिलेल्या बाईस ती वही परकी वाटली नाही. तिने नक्कल मागितली. कोणाशी नाते लागते तो रकाना कसा भरावा असे विचारले, तेव्हा श्री. सिटिएनेई म्हणाले, "बाई, घोड्यांना नात्याची अट नाही." दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस पानांची नक्कल, पानोपानी शिक्का आणि आपली सही, अर्जदाराच्या हाती होती. पठारावर ज्याला आपली सात पिढ्यांची मुळे शोधायची असतील त्याने शक्यतो घोडा म्हणून जन्म घ्यावा.

७. त्या दिवशी दुपारी ओट्यावर अर्जदाराने ती वही आईला वाचून दाखविली. आईला वाचता येत नाही. अर्जदाराला ती भाषा येत नाही. म्हणून अर्जदार अक्षरे जोडून नुसते आवाज काढीत गेली आणि आई ऐकून अर्थ सांगत गेली. आईला मजा वाटत होती. ही चावरी होती, हिच्या अंगावर मी एकदा बादली सांडली, हे शिंगरू विहिरीत पडलं, असे चालले होते. वाडग्यातले आंबट दूध तिने तीनदा भरून घेतले.

सत्ताविसाव्या पानावर दोन शिंगरांच्या मध्ये बारा जुलै १९४१ ची ओळ होती. मातेच्या रकान्यात नाव अर्जदारालाही वाचता आले. बाकीचे तिने तसेच आवाज काढून वाचले. आई पुन्हा वाच म्हणाली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने अर्थ सांगितला, अगदी सपाट आवाजात:

"माता, तापसुबेई. नर, मी. मुलगी, धडधाकट. खूण, डोळे माझे."

मग ती वासरांना पाणी दाखवायला उठून गेली. संध्याकाळपर्यंत ती गोठ्यातच होती.

८. अर्जदारास मात्र आनंद आवरेना. अकरा वर्षे जो पुरावा मागितला जात होता तो खुद्द पित्याच्या हस्ताक्षरात, खुद्द आपल्या सहीशिक्क्यानिशी हाती आला होता. आईला न विचारता तिने दि. २ सप्टेंबर रोजी सत्ताविसावे पान कार्यालयात दाखल केले. तेव्हा आपण स्वतः ते वाचलेत, चष्मा पुसून पुन्हा वाचलेत, आणि विचार करून कळवितो म्हणालात. अर्जदार घरी येताना बाजारातून चांगला चहा घेऊन आली.

आपले दि. २३ सप्टेंबरचे उत्तर पुढीलप्रमाणे होते. सदर वही घोड्यांची असल्याने ती केवळ घोड्यांबाबत पुरावा म्हणून ग्राह्य आहे. तथापि अर्जदाराने एक सुटलेली नोंद दृष्टोत्पत्तीस आणल्याबद्दल कार्यालय आभारी असून, फलकावरील यादीत योग्य ती भर घालण्यात येत आहे.

भर घालण्यात आली आहे. अर्जदाराने ती प्रत्यक्ष पाहिली. फलकावर 'वेल्टरूसच्या सोळा नामांकित घोड्या' असे होते, तेथे सोळा खोडून सतरा केले आहे, आणि शेवटी स्वच्छ अक्षरात तापसुबेई असे लिहून पुढे 'रंग अज्ञात' असा शेरा आहे. गेल्या आठवड्यात शाळेची मुले रांगेने ती नावे मोठ्याने वाचीत होती. त्यांत अर्जदाराच्या भावाची नात होती. तिने घरी येऊन विचारले की, आपल्या कोगोच्या आईचं नाव घोडीवरून ठेवलं होतं का?

आमच्या घरच्या माणसाबाबत कार्यालयाकडून इतक्या वर्षांत एकच गोष्ट त्वरेने झाली, ती ही.

९. हे आईला सांगणे अर्जदारावर आले. कापतेलोनच्या दवाखान्यात तिने मेलेली मुले आयांच्या हाती दिली आहेत. तरी हे सांगायला तिला चार दिवस लागले. आईने सगळे ऐकून घेतले. तिने ना कार्यालयाला शिव्या दिल्या, ना आपणास. ती अर्जदारास म्हणाली:

"त्यानं तिला घोड्यांच्या वहीत लिहिलं. आणि तू ती वही उचलून त्यांच्याकडे नेलीस. त्यांनी दुसरं काय वाचावं अशी तुझी अपेक्षा होती?"

अर्जदार म्हणाली की, निदान त्याने तुला आपली म्हटले, कागदावर तरी म्हटले. यावर आई काठीने जमिनीवर काहीतरी कोरू लागली.

"मी अठरा वर्षांची होईपर्यंत त्याच्या दारात दूध नेऊन ठेवलं," ती शेवटी म्हणाली. "रोज. तो ओट्यावर बसलेला असायचा. डोळे त्याचे होते हे त्याला माहीत होतं, हे आज कळलं. मला वाटायचं त्याला दिसत नाहीत म्हणून तो हाक मारत नाही." आणि थोड्या वेळाने: "त्याचं नाव काढून टाक. माझ्या आईचं घाल. तिला त्या घोड्यांतून बाहेर काढ."

१०. सबब अर्जदाराची नम्र विनंती खालीलप्रमाणे आहे, आणि या वेळी ती बदलणार नाही.

फलकावरील सतरा हा आकडा पुन्हा सोळा करावा व तापसुबेई हे नाव तेथून काढावे. हे करताना नुसती रेघ ओढू नये. रेघेखालून नाव वाचता येते. पूर्ण पाटी बदलावी. पाटी रंगवणारा सिमोत्वेतमध्ये आहे व त्याने काम फुकट करून देण्याचे कबूल केले आहे, कारण त्याच्या जन्माच्या वेळी अर्जदार हजर होती.

कुंपणातील आठव्या ढिगाऱ्याची थडगे म्हणून नोंद घ्यावी. नाव: तापसुबेई. काम: दूधघरात मजुरी. मागे राहिलेले: मुलगी एक, नातवंडे पाच, पतवंडे चौदा. नोंद घेणे शक्य नसल्यास कुंपण पाच पावले मागे घ्यावे. काटकोन बिघडेल याची अर्जदारास जाणीव आहे. आई दर शनिवारी सकाळी तेथे जाईल, विळा घेऊन जाईल, आणि तिकीट काढणार नाही. पहारेकऱ्यास तसे लेखी कळवावे म्हणजे त्या बिचाऱ्याला त्र्याऐंशी वर्षांच्या बाईशी झटापट करावी लागणार नाही. गेल्या शनिवारी तो हरला आहे.

दि. ४ जून २०१३ चा अर्ज, म्हणजे आईच्या जन्मनोंदीत पित्याचे नाव घालण्याची मागणी, अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. त्या रकान्यात पूर्वीची रेघ राहू द्यावी. ती आता कार्यालयाने ओढलेली नसून आईने ओढलेली आहे, एवढा शेरा समासात मारता आला तर पाहावे.

तसेच याकोबस ड्रेयर यांचे वंशज, किंवा त्यांच्या वतीने कोणीही, त्यांचे नाव आमच्या घराण्यात लागावे अशी इच्छा बाळगून पुढेमागे आपल्याकडे आल्यास त्यांना आमच्या घरी पाठवावे. आई दुपारनंतर ओट्यावर असते. त्यांनी आधी तापसुबेईच्या थडग्यावरचे तण उपटावे, मग येऊन बसावे. चहा मिळेल. नावाचे आम्ही विचार करून कळवू.

कळावे,

आपल्या कार्यालयाच्या बाकावर अकरा वर्षे बसलेली,
प्रिसिला जेलागात
तापकिगेनची मुलगी, तापसुबेईची नात

(अर्जातील मजकूर आईस वाचून दाखविला असून तिने अंगठा उठविला आहे.)

सिमोत्वेत, दि. १४ ऑक्टोबर २०२४

सोबत:
१) घोड्यांच्या वहीच्या पान २७ ची खरी नक्कल, आपल्या सहीशिक्क्यासह (परत करीत आहे, आम्हांस नको).
२) तापसुबेई हिला ओळखणाऱ्या तीन वृद्धांचे जबाब, तिघांच्याही मते ती बाई होती.
३) फलकाचे छायाचित्र.